केटामाइनने धमनीचे कडे सैल पडते, मग रुग्णाचा रक्तदाब का चढतो?

नाशिकच्याच एका फार्मसी महाविद्यालयात एम.फार्म. करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने उंदराच्या महाधमनीची कडी (आडवे कापलेले गोल तुकडे) ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे कापलेला तुकडा जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात, टांगली, रक्तवाहिनी आवळणारे फेनिलेफ्रिन घालून ती आकुंचित केली आणि मग भुलीची औषधे वाढत्या मात्रेत घातली. प्रोपोफॉलने ३० मायक्रोमोलरपर्यंत (मायक्रोमोलर हे द्रावणातल्या औषधाच्या तीव्रतेचे माप) जवळजवळ काहीच झाले नाही, १०० मायक्रोमोलरला मात्र कडे निम्म्याहून अधिक सैल पडले. केटामाइननेही जास्त मात्रेत कडे सैलच पडले. पुस्तकात मात्र प्रोपोफॉलने रक्तदाब घसरतो आणि केटामाइनने चढतो असे दिले आहे. त्याचे विचारणे असे की प्रयोग चुकला आहे, की पुस्तक अर्धेच सांगते आहे?

प्रयोग चुकलेला नाही आणि पुस्तकही बरोबर आहे. घोळ एवढाच आहे की तुमच्या कड्याला आकुंचित धरून ठेवणारी शक्ती वेगळी होती आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसाच्या धमनीला धरून ठेवणारी शक्ती वेगळी असते. कड्यात तो ताण तुम्ही स्वतः फेनिलेफ्रिन घालून निर्माण केला होता. माणसात तो ताण मेंदूच्या तळापासून निघून मज्जारज्जूमार्गे धमनीच्या भिंतीपर्यंत पोहोचणाऱ्या सिंपथेटिक चेतातंतूंनी (आपल्या इच्छेशिवाय चालणाऱ्या, वाहिन्या आवळणाऱ्या चेतांनी), क्षणाक्षणाला नॉरअॅड्रेनालिन हे रसायन सोडत, टिकवलेला असतो. तुम्ही कडे कापून घेतले तेव्हा हा मार्ग तुटला. त्यामुळे भुलीचे औषध या मार्गावर जे काही करते ते ऑर्गन बाथमध्ये दिसणेच शक्य नाही, आणि प्रत्यक्ष रुग्णात बहुतेक औषधांचा मोठा परिणाम नेमका तिथेच होतो.

आधी स्नायूच्या आतले पाहू. रक्तवाहिनीच्या भिंतीतला अनैच्छिक स्नायू हृदयाच्या किंवा हातापायाच्या स्नायूसारखा ट्रोपोनिन या प्रथिनावर चालत नाही. पेशीत कॅल्शिअम वाढले की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते, ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला जागे करते, ते विकर मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेटचा गट बसवते, आणि मग मायोसिनचे तंतू अॅक्टिनच्या तंतूंना ओढू लागतात आणि स्नायू आकुंचतो. हा फॉस्फेट काढून टाकणारे दुसरे विकर, मायोसिन फॉस्फटेज, सतत उलट दिशेने काम करीत असते. म्हणजे ताण किती हे केवळ कॅल्शिअमवर ठरत नाही, या दोन विकरांच्या रस्सीखेचीवर ठरते. नॉरअॅड्रेनालिन किंवा तुमचे फेनिलेफ्रिन अल्फा-१ ग्राहकाला लागले की एकाच वेळी तीन गोष्टी घडतात: पेशीच्या आतल्या साठ्यातून आयपी-३ या निरोप्या रेणूमार्फत कॅल्शिअम सुटते, बाहेरचे कॅल्शिअम पेशीच्या आवरणातल्या एल-प्रकारच्या व इतर कॅल्शिअम-वाहिन्यांतून आत येते, आणि ऱ्हो-कायनेज व प्रोटीन कायनेज सी या विकरांमार्फत फॉस्फटेजला लगाम बसतो. या तिसऱ्या भागामुळे तेवढ्याच कॅल्शिअममध्ये अधिक ताण निर्माण होतो, आणि विद्यार्थी बहुतेक वेळा हाच भाग विसरतात. पोटॅशिअम क्लोराइडने आकुंचन घडवले तर मात्र मुख्यत्वे एल-प्रकारच्या वाहिन्याच उघडतात. म्हणून फेनिलेफ्रिनचे आणि पोटॅशिअमचे आकुंचन शेजारी शेजारी ठेवून औषध घातले, तर ते नेमके कुठे अडवते याचा पहिला अंदाज येतो.

प्रोपोफॉल, केटामाइन, थायोपेंटोन ही तिन्ही भुलीची औषधे पुरेशी घातली तर कॅल्शिअमचा आत येणारा प्रवाह कमी करतात, यात वाद नाही. वाद ‘पुरेशी’ म्हणजे किती याचा आहे, आणि तो साध्या अंकगणिताने सुटतो. प्रोपोफॉलचा रेणुभार १७८ आहे. भूल टिकवताना रक्तद्रवातली पातळी साधारण ३ ते ६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. ४ मायक्रोग्रॅम धरले तर ते सुमारे २२ मायक्रोमोलर होतात. पण रक्तात प्रोपोफॉलचा ९७ ते ९८ टक्के भाग प्रथिनांना बांधलेला असतो, आणि स्नायूपेशीपर्यंत पोहोचतो तो फक्त मोकळा भाग. तो उरतो अर्ध्या मायक्रोमोलरच्या आसपास. तुमच्या क्रेब्ज द्रावणात (ऑर्गन बाथमधल्या क्षारांच्या पाण्यात) प्रथिने नव्हती, त्यामुळे घातलेले १०० मायक्रोमोलर जवळजवळ सगळे मोकळे होते. म्हणजे कडे सैल पडले ते रुग्णाच्या धमनीला मिळणाऱ्या मोकळ्या औषधाच्या सुमारे दोनशे पट मात्रेला. इंजेक्शन दिल्यावरच्या पहिल्या मिनिटात रक्तातली पातळी यापेक्षा बरीच वर जाते हे खरे, पण तो क्षण धरूनही फरक मोठाच राहतो. ३० मायक्रोमोलरपर्यंत कडे हलले नाही, हा निष्कर्ष तुम्ही अपयश म्हणून बाजूला ठेवला असावा असे प्रश्नाच्या सुरावरून वाटले. माझ्या मते तुमच्या सगळ्या नोंदींत तोच सर्वांत उपयोगी आहे.

माणसावरचा पुरावाही याच बाजूचा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोपोफॉल थेट दंडाच्या धमनीत, म्हणजे फक्त त्या हातापुरते, दिले गेले. हातातल्या रक्तात औषधाची पातळी भुलीच्या वेळेइतकी गेली तरी रक्तवाहिन्यांच्या रोधात लक्षणीय बदल झाला नाही. त्याच पद्धतीने वाहिनी थेट सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड दिल्यावर मात्र वाहिन्या रुंदावल्या. याउलट प्रोपोफॉल शिरेतून देऊन पूर्ण भूल दिली तेव्हा हाताचा रोध जवळपास निम्म्यावर आला, आणि मानेतल्या स्टेलेट गँग्लियन या चेतागाठीला बधिर करून सिंपथेटिक पुरवठा तोडल्यावर रोध जेवढा उतरतो तेवढाच तो उतरला. माझ्या दृष्टीने याहून स्वच्छ पुरावा मात्र आम्हा भूलतज्ज्ञांच्या रोजच्या कामात आहे. सिझेरियनसाठी कमरेतून भूल देताना आम्ही ब्युपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या ०.५ टक्के जड द्रावणाचे दोन मिलिलिटर, म्हणजे केवळ १० मिलिग्रॅम, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतो. एवढे औषध रक्तात शोषले जाऊन हातापायांच्या धमन्यांवर थेट काही करील ही शक्यता नगण्य आहे. तरीही बधिरता छातीच्या चौथ्या मज्जातंतूच्या पातळीपर्यंत चढली की काही मिनिटांत रक्तदाब ढासळतो, कारण त्या पातळीखालच्या सिंपथेटिक तंतूंचे संदेश थांबलेले असतात. स्नायूला औषधाचा स्पर्शही न होता स्नायू सैल पडतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका नेहमीच्या उदाहरणावरून सांगते. निफाडकडचे सत्तरीतले एक शेतकरी आतड्याला पीळ पडल्यामुळे रात्री शस्त्रक्रियेसाठी येतात. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेले, नाडी ११८, रक्तदाब ११०/७०, रक्तदाबासाठी रोजची टेल्मिसार्टनची गोळी सकाळीही घेतलेली. नातेवाइकांना ११०/७० हा आकडा पाहून हायसे वाटते. मला तो आकडा भीतीदायक वाटतो, कारण शरीरातले पाणी आटलेले असताना हा दाब केवळ आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर उभा असतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची लाट अशा वेळी पडद्यावर जेमतेम उमटते. अशा रुग्णाला सलाइन चालू ठेवून, तरुण माणसाला देतो त्या दीड ते अडीच मिलिग्रॅम प्रति किलोऐवजी जेमतेम पाऊण मिलिग्रॅम प्रति किलो प्रोपोफॉल सावकाश दिले, तरी मिनिटभरात तीच लाट उंच आणि रुंद होते, मनगटावरच्या शिरा फुगतात, थंड पडलेला तळहात ऊबदार लागतो. नवख्या डॉक्टरला हे सगळे सुधारल्यासारखे वाटते. पुढच्या मोजणीत रक्तदाब ७०/४० असतो आणि नाडी मात्र वाढलेली नसते.

नाडी वाढत नाही ही यातली महत्त्वाची खूण आहे. रक्तदाब पडला की मानेतल्या दाबग्राहकांकडून मेंदूला खबर जाते आणि हृदयाने वेग घ्यायला हवा असतो. प्रोपोफॉल ही प्रतिक्रियाच बोथट करते. शिवाय आपल्या रक्ताचा सुमारे दोनतृतीयांश भाग शिरांमध्ये असतो. शिरांच्या भिंतीतला स्नायूही सैल पडल्यामुळे रक्त तिथेच साचते आणि हृदयाकडे परतणारा प्रवाह घटतो. द्राक्षबागेत ड्रिपचा पंप तोच असताना सगळ्या प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले की लाइनमधला दाब पडतो, तसे धमन्यांचे होते, आणि इथे भर म्हणून विहिरीतून पंपाकडे येणारे पाणीही कमी झालेले असते. धमनीचा व्यास किंचित वाढला तरी परिणाम किती मोठा होतो हेही ध्यानात ठेवा. रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर रोध जवळपास ३२ टक्क्यांनी उतरतो.

या रुग्णात टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिन-२ चे काम अडवून आणखी एक दोर आधीच कापलेला असतो. हे संप्रेरकही स्नायूला नॉरअॅड्रेनालिनसारखेच, आयपी-३ आणि कॅल्शिअमच्या मार्गाने, आवळते. दाब टिकवणाऱ्या सिंपथेटिक संस्था, अँजिओटेन्सिन आणि व्हॅसोप्रेसिन (हेही वाहिन्या आवळणारे संप्रेरक) या तिघांपैकी दोन गप्प झाले की भार एकट्या व्हॅसोप्रेसिनवर येतो. अशा रुग्णाला नेहमीच्या औषधाने दाब चढला नाही तर व्हॅसोप्रेसिनच का उपयोगी पडते, याचे उत्तर यात आहे. औषधाची निवडही याच समजुतीवर ठरते. फेनिलेफ्रिनचे ५० ते १०० मायक्रोग्रॅम थेट स्नायूच्या अल्फा-१ ग्राहकाला लागतात, त्यामुळे चेतातंतू गप्प असला तरी त्यांचे काम अडत नाही. दाब चढवायला आपल्याकडे फार वापरले जाणारे मेफेंटरमिन मात्र बरेचसे चेतातंतूच्या टोकातला नॉरअॅड्रेनालिनचा साठा सोडवून काम करते. तो साठा संपत आला की तिसऱ्या-चौथ्या मात्रेला पूर्वीसारखा प्रतिसाद मिळत नाही, आणि त्यावर आणखी मात्रा देत राहण्याची सवय मला बरी वाटत नाही.

आता केटामाइन. तुमचे कडे सैल पडले ते कॅल्शिअमचा प्रवाह कमी झाल्याने, आणि तो गुण केटामाइनमध्ये खरोखर आहे. पण १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो शिरेतून दिल्यावर भूल टिकवणारी रक्तातली पातळी दहा मायक्रोमोलरच्या घरात असते, आणि त्या पातळीला स्नायूवरचा थेट परिणाम तोकडा असतो. दुसरीकडे केटामाइन मेंदूतल्या सिंपथेटिक केंद्रांना चेतवते आणि चेतातंतूने सोडलेले नॉरअॅड्रेनालिन परत आत ओढून घेण्याची क्रिया अडवते. परिणामी धमनीच्या भिंतीशी नॉरअॅड्रेनालिन वाढते, नाडी आणि दाब दोन्ही चढतात, आणि स्नायूला सैल करण्याची केटामाइनची स्वतःची ताकद त्याखाली झाकली जाते. ती झाकलेली ताकद कधी उघडी पडते ते पाहा: जो रुग्ण कित्येक तास जंतुदोषाच्या किंवा रक्तस्रावाच्या धक्क्यात आहे, ज्याचा नॉरअॅड्रेनालिनचा साठा संपत आलेला आहे, त्याला केटामाइन दिल्यावर दाब चढण्याऐवजी पडतो. तुमच्या ऑर्गन बाथमधले कडे आणि असा थकलेला रुग्ण, दोघांकडेही चेतवायला चेतासंस्था उरलेली नसते. ‘केटामाइन सुरक्षित, दाब पडत नाही’ हे वाक्य प्रशिक्षणार्थी डॉक्टर फार सहज म्हणतात. ते अर्धेच खरे आहे.

हुंगण्याच्या औषधांची गोष्ट निराळी आहे आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला तीच जास्त रुचेल. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांची ताकद आपण आंशिक दाबाने (वायूच्या मिश्रणातल्या त्यांच्या वाट्याच्या दाबाने) मोजतो, त्यामुळे प्रथिनबंधनाचा तो गोंधळ येत नाही. ऑर्गन बाथमध्ये सोडलेल्या वायूत २ टक्के सेव्होफ्लुरेन ठेवले तर ते रुग्णाच्या पातळीचेच होते. आणि या पातळीला ही औषधे स्नायूवर थेट परिणाम करतात. एल-प्रकारच्या वाहिन्यांतून येणारे कॅल्शिअम कमी होते, आणि सेव्होफ्लुरेनच्या बाबतीत ऱ्हो-कायनेजच्या मार्गाने होणारी कॅल्शिअमची वाढीव संवेदनशीलताही घटते, असे धमनीवरच्या प्रयोगांत दिसले आहे. १९५६ पासून वापरात आलेले आणि आता आपल्या शहरात क्वचित दिसणारे हॅलोथेन तर आणखी चमत्कारिक आहे. ते आतल्या साठ्यातून कॅल्शिअम सोडवते, म्हणून विशिष्ट परिस्थितीत कडे आधी क्षणभर आवळते, आणि मग साठा रिता झाल्यामुळे पुढचे आकुंचन कमकुवत होते. रक्तदाब हॅलोथेननेही पडतो, पण तो मुख्यतः हृदयाचा जोर कमी झाल्याने, तर आयसोफ्लुरेनने तो मुख्यतः वाहिन्या रुंदावल्याने. आकडा सारखा दिसला तरी उपाय सारखा नसतो. फुप्फुसातल्या वाहिन्या तर उलटाच नियम पाळतात. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी तिथली वाहिनी आवळते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवते. हुंगण्याची औषधे जास्त मात्रेत ही आवळ सैल करतात, प्रोपोफॉल ती फारशी बिघडवत नाही.

थेट आवळणारी औषधेही आहेत, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. डेक्समेडेटोमिडिन या गुंगी आणणाऱ्या औषधाची सुरुवातीची मात्रा, १ मायक्रोग्रॅम प्रति किलो, दहा मिनिटांत सावकाश देण्याऐवजी घाईने दिली तर रक्तदाब आधी चढतो, कारण ते स्नायूवरच्या अल्फा-२बी ग्राहकाला लागून वाहिनी आवळते. नंतर मेंदूवरचा परिणाम वरचढ होतो आणि दाब उतरतो. एकाच औषधाचे स्नायूवरचे आणि चेतासंस्थेवरचे काम एका पडद्यावर एकापाठोपाठ एक पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आणि जुन्या थायोपेंटोनबद्दल प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या मनात धास्ती असते ती वेगळ्याच कारणाने: त्याचे द्रावण १० ते ११ पीएचचे, तीव्र अल्कधर्मी. कोपराच्या खळीत शीर समजून ते चुकून धमनीत गेले तर स्फटिक बनून बारीक धमन्यांत अडकतात, भिंतीजवळ नॉरअॅड्रेनालिन सुटते, वाहिनी घट्ट आवळते, हात पांढरा पडतो, असह्य आग होते आणि बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणजे जे औषध शिरेतून दिल्यावर वाहिन्या सैल करते तेच धमनीत गेल्यावर हाताचा रक्तपुरवठा तोडते. सुई कुठे टोचली यावर सगळे ठरते.

थंडीचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, पण तो याच स्नायूचा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटे येणाऱ्या रुग्णाच्या हातापायांच्या वाहिन्या गारठ्याने पूर्ण आवळलेल्या असतात आणि शरीराची ऊब गाभ्यात कोंडलेली असते. भूल दिल्यावर ही आवळ सुटते, गाभ्यातली ऊब हातापायांकडे धावते आणि पहिल्या तासातच गाभ्याचे तापमान १ ते १.५ अंशाने उतरते. खोलीत गमावलेल्या उष्णतेपेक्षा या फेरवाटपाचा वाटा सुरुवातीला मोठा असतो. म्हणून भूल देण्याआधी अर्धा तास गरम हवेचे ब्लँकेट घालणे, हे नंतर चार ब्लँकेटे घालण्यापेक्षा जास्त कामाचे ठरते.

तुमच्या पुढच्या कामाबद्दल थोडे. महाधमनी ही रक्त वाहून नेणारी मोठी वाहिनी आहे, रक्तदाबाचा रोध ठरतो तो बारीक धमन्यांत. शक्य असेल तर आतड्याच्या पडद्यातल्या ३०० मायक्रॉनपेक्षा कमी व्यासाच्या धमन्या मायोग्राफवर (बारीक वाहिनीचा ताण मोजणाऱ्या उपकरणावर) घ्या. आतले अस्तर शाबूत आहे की नाही हे अॅसिटिलकोलिन घालून तपासल्याशिवाय कोणताही निष्कर्ष लिहू नका. अस्तराशिवाय अॅसिटिलकोलिनने धमनी सैल पडत नाही हे औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवले आणि त्या धाग्यावरून पुढे, अस्तरातून सुटून वाहिनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडपर्यंत पोहोचलेल्या कामाला १९९८ चे नोबेल मिळाले. प्रोपोफॉल बाजारातल्या पांढऱ्या इमल्शनमधून घेतले असेल तर तेवढेच निव्वळ इमल्शन घातलेले एक कडे तुलनेसाठी हवेच. शुद्ध प्रोपोफॉल घेतले असेल तर ते प्लॅस्टिकच्या नळ्यांना चिकटते, त्यामुळे घातलेली मात्रा आणि पोहोचलेली मात्रा एक नसते. आणि एक मालिका द्रावणात अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) घालून करून पाहा. १०० मायक्रोमोलरला सैल पडणारे कडे अल्ब्युमिन असताना किती हलते, तो आलेख तुमच्या प्रबंधात सर्वांत आधी वाचला जाईल. ती मालिका झाली की नोंदी घेऊन संध्याकाळी पाचनंतर भेटायला या. सकाळी मी शस्त्रक्रियागृहात असते.